दोष खाचेचा, नाव मोटरचं

पुणे-नगर रस्त्यावर शिरूरच्या आसपास जी गॅरेजं आहेत, तिथे उन्हाळ्यात एक तक्रार ठरलेली: "काच वर जायला रडते." निदानही गिऱ्हाईक सोबतच घेऊन आलेलं असतं: मोटर गेली. मिस्त्री वाद घालत नाही. काच दोन तळव्यांत धरतो आणि म्हणतो, "दाबा बटण." हाताचा टेकू मिळताच काच सरसर चढली, तर मोटर ठणठणीत आहे; धरलंय ते खाचेनं. टेकू देऊनही ती कण्हतच राहिली, तर मात्र वायर, खटका आणि मोटर तपासायची.

खाच हा या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत थोरला भाग. विलायतेत घोड्यांच्या बंद गाड्यांना काच आली तेव्हाही ती दाराच्या पोटातल्या खाचेतच सरकायची. वर ओढायला कातडी पट्टा, पट्ट्याला भोकं, दाराला खुंटी. काच हवी तेवढी ओढायची आणि भोक खुंटीत अडकवायचं. आगगाडीच्या डब्यांनीही तीच रीत उचलली. आपल्याकडच्या जुन्या डब्यांत दोन्ही बाजूंचे खटके चिमटून काच उचलावी लागे. पावसाळ्यात लाकूड फुगलं, की दौंड जंक्शन मागे पडलं तरी प्रवाशाची झटापट चालूच.

मोटारीत पट्ट्याची जागा हँडलनं घेतली. हँडलमागे दातेरी चक्र आणि कात्रीसारखी उघडणारी पोलादी भुजा. गॅरेजात याला 'काचेचं मशीन' म्हणतात. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीनं हँडल सोडलं नाही. त्या हँडलचा एक गुण पुढे हरवला. रबर कडक झालं, की आधी मनगटाला कळायचं. हात जड लागला, की ड्रायव्हर खाचेत टाल्कम पावडर मारायचा आणि काम भागायचं.

बटणाचा शौक अमेरिकेतला. १९४० साली पॅकार्ड कंपनीनं आपल्या महागड्या मोटारीत दाबलेल्या तेलावर उचलल्या जाणाऱ्या काचा दिल्या. विजेवरचा पंप, नळ्या आणि दारात सिलिंडर असा तो संसार. नळी गळली की तेल गादीवर. पुढे प्रत्येक दारालाच स्वतःची छोटी मोटर मिळाली आणि तेल गेलं. मोटरच्या दांड्यावर मळसूत्री दाते आणि त्यात अडकलेलं चक्र, ही जोडी मोठी नामी. मोटर चक्राला फिरवते, पण काच दाबून चक्राला मोटर फिरवता येत नाही. म्हणून बंद काच बाहेरून हातानं खाली ढकलता येत नाही.

आपल्याकडे बटण आलं तेही बेताबेतानं: बऱ्याच गाड्यांत पुढच्या दारांना बटण, मागच्यांना हँडल. पद्मिनीचं कूळ इटलीच्या फियाटचं, आणि त्याच फियाटचा कारखाना पुढे शिरूर तालुक्यातच, रांजणगावला उभा राहिला. २०१७ पासून तिथून टाटा नेक्सॉन आणि जीप कंपास बाहेर पडू लागल्या. गाडी तालुक्यातच बनते म्हणून तालुक्यातली धूळ तिला सोडत नाही.

आणि धूळ तरी कसली! शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं, की उसाच्या ट्रॉल्या, शेतरस्त्याची माती, पलीकडे दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांचा धूर. मिस्त्री पातळ पट्टीला फडकं गुंडाळून काचेच्या खाचेतून फिरवतो तेव्हा फडक्यावर काळपट, चिकट लेप येतो. त्यात एखाद्या मालकानं आधीच इंजिन ऑइल सोडलेलं असलं तर बघायलाच नको: रबर फुगलेलं आणि तेलाला माती घट्ट बसलेली. इथे चालतो तो सिलिकॉनचा फवारा, तोही खाच पुसून झाल्यावर. काचेवरची जुनी काळी फिल्म कडेनं सुटून खाचेत गोळा झालेली असते, तीही चिमट्यानं ओढून काढावी लागते.

खाच स्वच्छ करूनही काच मंदच राहिली, तर डोअर पॅड उतरवायचं. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायरी रोज वाकतात आणि आतल्या आत तुटत जातात. मोटरला वीज पोचते, पण पुरेशी नाही. खटक्याचे संपर्क जळून काळे पडले तरी हेच होतं. आणखी एक फसवाफसवी: जोर लावून तापलेली मोटर आतल्या संरक्षक खटक्यामुळे बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालते. मालकाला वाटतं, बरी झाली.

नव्या गाड्यांत काच अडखळली की बोट सापडल्याचं समजून ती आपोआप खाली येते. अशा गाडीला कडक रबर आणि लेकराचं बोट यांत फरक कळत नाही. खाच साफ केल्यावर यातल्या बऱ्याच गाड्यांत काच पुरती वर नेऊन बटण आणखी काही सेकंद ओढून धरावं लागतं. काच कुठे संपते हे गाडीला तेव्हा नव्यानं समजतं, मगच एका खटक्यात वर जायची सोय परत येते. मिस्त्री हे करून देतो; घरी खटपट करणारे नेमकं हेच विसरतात आणि मोटर बदलून घ्यायला येतात.