आतडे, दही आणि त्वचा

अंगावर पुरळ उठले की पोट बिघडले असावे, असे घरातील वडीलधारी माणसे सहज बोलून जातात. या जुन्या समजुतीला शास्त्राच्या दरबारात उभे करण्याचा खटाटोप युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. मोठ्या आतड्यातील कुजविणारे जंतू शरीरात विष कालवितात आणि आंबविलेल्या दुधातील जंतू त्यांना आवर घालतात, असे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांनी प्रतिपादिले. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. परंतु त्या कीर्तीचे वजन दह्याच्याही पारड्यात पडले. लंडनचे शल्यवैद्य आर्बथनॉट लेन तर याच विषाच्या धास्तीने रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढीत. असल्या अतिरेकाने मूळ विचारही बदनाम झाला.

१९३० साली फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन स्टोक्स व डोनाल्ड पिल्सबरी यांनी त्याला सौम्य रूप दिले. मनःक्षोभाने आतड्यातील जंतूंची घडी विसकटते, आतड्याचे अस्तर पाझरू लागते आणि दाह त्वचेवर उमटतो, अशी त्यांची साखळी. तिच्यावर उपाय ॲसिडोफिलस जंतूंनी विरजलेल्या दुधाचा. साखळी डौलदार खरी, पण तिची प्रत्येक कडी पारखलेली नव्हती. १९६१ साली रॉबर्ट सायव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी मुरुमांच्या ३०० रुग्णांना असे जंतू दिले व सुमारे ८० टक्क्यांना गुण आल्याचे नोंदविले. मात्र तुलनेसाठी जंतूंवाचून ठेवलेला गट त्यांच्यापाशी नव्हता; आणि मुरुमे आपोआपही ओसरतातच!

खरी कसोटी लागली ती फिनलंडमधील तुर्कू येथे. इसब वा दम्यासारखे विकार असलेल्या कुटुंबांतील १५९ गर्भवतींपैकी काहींना विशिष्ट लॅक्टोबॅसिलस जंतू आणि इतरांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. प्रसूतीनंतरही सहा महिने हा क्रम चालला. कोणाला काय मिळते, हे ना मातांना ठाऊक होते ना डॉक्टरांना. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन वर्षांच्या वयात निष्क्रिय द्रव्याच्या गटातील ४६ टक्के मुलांना इसब होता, जंतूंच्या गटात २३ टक्क्यांनाच. साहजिकच आशा पालवली. पण त्याच जंतूंच्या जर्मनीतील प्रयोगात, २००८ साली, दोन्ही गटांतील प्रमाण सुमारे २८ टक्केच भरले. पुढे २०१५ साली जागतिक ॲलर्जी संघटनेने अशा कुटुंबांतील गर्भवतींसाठी अनुकूल मत दिले, तेही पुरावा दुबळा असल्याची नोंद त्याच कागदावर करून. जडलेला इसब हटविणे ही तर निराळीच गोष्ट. २०१८ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ३९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा अशा जंतूंनी रुग्णांच्या त्रासात पडलेला फरक जवळजवळ नसल्यासारखाच आढळला.