वहाण, पादुका, पैजार : शब्द आणि प्रतिष्ठा

लॅटिन भाषेत पादत्राणाचे नाव बहुधा ते घालणाऱ्याचे स्थान सांगते. ‘काल्केउस’ नागरिकाचा, ‘कालिगा’ शिपायाचा. विनोदी नटाचा ‘सोक्कुस’ आणि शोकान्त नटाचा ‘कोथुर्नुस’ हे जोडे तर होरेसच्या ‘आर्स पोएटिका’त त्या त्या नाट्यप्रकाराचेच वाचक झाले आहेत. मराठीत मात्र प्रश्न घालणाऱ्यापेक्षा घडविणाऱ्याचा आहे.

‘वहाण’ हा शब्द आज गावंढळ वाटतो. पण त्याचे कूळ वैदिक ‘उपानह्’पर्यंत जाते. पालीत वर्णविपर्ययाने ‘उपाहना’, प्राकृतात ‘वाहणा’, मराठीत ‘वहाण’. व्युत्पत्तीच्या निकषावर ती पादुकेहून तसूभरही हीन नाही. तरीही पादुका आळंदी-देहूहून पालखीत बसून पंढरीस जातात आणि वहाण उंबऱ्याबाहेर राहते. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण तर बहुधा स्त्रीला किंवा हाताखालच्या माणसाला उद्देशूनच वापरली गेली. लाकडाच्या वा चांदीच्या पादुकेला चामडे नाही, आणि म्हणून चर्मकाराचा हातही नाही. मंदिराच्या फलकावरचा ‘पादत्राणे’ हा सोवळा शब्द त्या हाताचा उल्लेखच टाळतो.

शब्दाची प्रतिष्ठा सत्ता ठरविते असे म्हणावे, तर फार्सीचा दाखला आड येतो. राजभाषेतून आलेल्या ‘पैजारे’ला मराठीत मुख्यतः मार आणि अपमान हेच अर्थ उरले, तुकोबांच्या अभंगांतही ती याच अर्थाने येते. विजेत्याची आज्ञा भाषेवर फारशी चालत नाही. १७२४ साली वऱ्हाडातील साखरखेर्ड्यास निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व गावाला ‘फत्तेखेर्डा’ हे नाव दिले. लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिले.

याच गावी वीरशैवांचा पलसिद्ध मठ आहे. वीरशैव परंपरेतील हरळय्याची कथा प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची ठरते. बाराव्या शतकातील या चर्मकार शरणाने व त्याच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी वहाणा शिवल्या. बसवेश्वरांनी त्या पायात न घालता मस्तकी धरल्या. पुढे याच हरळय्याच्या मुलाचा ब्राह्मणकन्येशी विवाह झाला आणि त्याबद्दल त्याला देहान्त शासन झाले, असे परंपरा सांगते. ही कथा मराठीत सांगताना ‘पादुका’ हा शब्द योजला, की कातडे, टाका आणि शिवणारा हात तिघेही कथेतून निघून जातात. ‘वहाणा’ म्हटले तरच मस्तकावर काय चढले ते ऐकणाऱ्याला कळते.