धर्म सापडला, ख्रिस्त राहून गेला

मुखेडच्या बाजारात उभे राहा आणि साल १८९१ धरा. अंमल निजामाचा, कचेरीची भाषा उर्दू, खिशात हाली रुपया. नांदेडला रेल्वे यायला अजून बरीच वर्षं आहेत. त्यामुळे पुण्याला जायचं तर बैलगाडीने उदगीर, बिदर करत गुलबर्ग्याला पोचायचं आणि तिथून जी.आय.पी.ची गाडी धरायची. वाटेत कुठेतरी हालीचे इंग्रजी कलदार करून घ्या, पुढे तेच चालतात. अंग मोडून निघतं, धूळ दातांत कचकचते. पण जिला भेटायचंय ती बाई लहानपणापासून सारा हिंदुस्थान पायी तुडवून आली आहे, तेव्हा तक्रार करायची नाही.

शारदा सदन मुंबईहून पुण्यात येऊन वर्षही झालेलं नाही. आत शिरता तेव्हा वास येतो साध्या वरणभाताचा. स्वयंपाक सोवळ्यातला, कारण इथे राहणाऱ्या बऱ्याचशा बालविधवा ब्राह्मण घरांतल्या. आतल्या एका खोलीचं दार उघडं आहे. तिथे पांढऱ्या लुगड्यातली, केस कापलेली एक बाई दहा वर्षांच्या मुलीला जवळ घेऊन प्रार्थना करते आहे. या पंडिता रमाबाई, ती मनोरमा. दार मुद्दाम उघडं ठेवलंय असं पुण्यात बोललं जातं. ज्यांना यायचं त्या मुली येऊन बसतात, कुणाला बोलावणं नाही. याच उघड्या दारावरून दोन वर्षांनी वादळ होईल, सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडतील, पालक मुलींना घरी नेतील. तुम्हाला हे आधीच माहीत आहे. तिला नाही.

तुम्ही दाराशी थांबा. तुमच्या मनात सोपा हिशेब असेल: बाई ख्रिस्ती झाल्या, म्हणजे त्यांना देव भेटला. रमाबाईंचा हिशेब तसा नाही. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाली आणि त्या अस्वस्थ आहेत. पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत त्या हे उघडपणे लिहितील: ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, तो आपल्याला पुरेसा चांगलाही वाटत होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळालेला नव्हता.

हे वाक्य कुठून आलं ते पाहायचं तर आणखी मागे, इंग्लंडातल्या वाँटेजला जावं लागेल. २९ सप्टेंबर १८८३ ला तिथल्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. जोगिणी प्रेमळ आहेत, पण रमाबाई पंडिता आहेत, कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी दिलेली पदवी आहे ती. त्रैक्यावर त्या वाद घालतात, पत्रांतून मठातल्या सिस्टर जेराल्डीनना सळो की पळो करतात. क्रूसावर लॅटिन अक्षरं का? मला संस्कृत हवीत. मठाला हा अहंकार वाटतो. मला विचाराल तर नाही. ज्याला आपला म्हणायचं त्याच्याशी उसन्या भाषेत कसं बोलणार? पण हेही खरं की या सगळ्या वादात देवाबद्दल बोलणंच फार होतं.

आणि त्यामागे आणखी जुनं काही आहे. आईवडील अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरले. दुष्काळात अन्न संपलं तरी व्रतं, दानं, जप सुटला नाही. देव प्रसन्न होईल म्हणून होतं नव्हतं ते देऊन टाकलं आणि उपासमारीत गेले. रमाबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. काहीतरी केलं, लायक ठरलो, मग तो भेटणार, ही सवय नुसत्या बाप्तिस्म्याने कशी सुटावी?

परत पुण्यात या. १८९१ मध्ये त्या हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचताहेत. या माणसाची गोष्ट विलक्षण आहे: दीक्षा घेतलेला, चर्च सांभाळणारा हा पाद्री १८५१ मध्ये व्यासपीठावरून प्रवचन करता करता आपल्याच प्रवचनाने पालटला. म्हणजे पाद्रीसुद्धा बाहेर राहू शकतो. हे वाचून रमाबाईंना आपली जागा कळते. लायक होऊन जायचं नाहीये, आहे तसं जायचं आहे, पोर आईकडे जातं तसं. त्या रात्री खोलीत काही चमकत नाही. प्रकाश, आवाज असं काही बघायला आला असाल तर निराश व्हाल. दुसऱ्या दिवशी शाळा वेळेवर भरते.

दुसरी वाट पाहायची तर आता नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत बसा. १८९३ च्या सुमाराचा प्रवास. समोर कवी नारायण वामन टिळक (केसरीवाले नव्हेत, ते वेगळे). एक गोरा साहेब त्यांच्याशी कवितेवर, धर्मावर बोलतो, नवा करार हातात देतो आणि सांगतो की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे हास्यास्पद वाटतं. शब्द दिला म्हणून पुस्तक उघडतात आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकतात. रमाबाईंना धर्म आधी, माणूस मागून. यांना माणूस आधी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, तोही भारतीय पाळकाच्याच हातून हवा या हट्टाने. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असं ते सांगत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

गाडीत नसलेली एक बाई मात्र विसरू नका. टिळकांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याला देव भेटला आणि तिचा संसार मोडला. काही वर्षं ती वेगळी राहिली, मग आली तरी स्वयंपाक वेगळा. ‘स्मृतिचित्रे’त ती सांगते की पशुपक्ष्यांत जाती वेगळ्या दिसतात, माणसांत देवाने तशी खूण कुठे ठेवली आहे, या विचाराने तिचं सोवळं गळालं. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. तिच्या वाटेवर नवऱ्याचं पुस्तक नव्हतं; होता तो सोवळ्याओवळ्याच्या पाण्याचा तांब्या. तिघांतली ही वाट मला सगळ्यांत खडतर वाटते.

शेवटचा थांबा केडगाव, मुक्ती मिशन. साल १९२० धरा. दुष्काळातून आलेल्या बायका इथे छापखाना चालवतात. तुमच्याच निजाम हद्दीतल्या गुलबर्ग्यालाही रमाबाईंनी शाळा काढली आहे. थकलेल्या, कानांनी अधू रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीच्या हिमतीवर बायबल मराठीत आणताहेत. आधीचं भाषांतर पंडिती, खेड्यातल्या बाईला न कळणारं, ही त्यांची तक्रार. एके काळी संस्कृतसाठी भांडलेली हीच बाई आता मुद्रितांवर जड संस्कृत शब्द खोडते आहे.

१८९१ नंतर कधी शंका आली नाही का, असं तुम्हाला विचारायचंय. मोठ्याने विचारावं लागेल. त्या मान वर करतात, तुमच्या हातात एक मुद्रित देतात आणि कोणता शब्द अडतो ते वाचून सांगा म्हणून खुणावतात.