उभी गाडी, मरणारी बॅटरी: प्लांतेपासून काळाचौकीपर्यंत

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी जागच्या जागी थांबल्या. काळाचौकी, लालबाग, परळमध्ये चाळींसमोर आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्यांची किल्ली पुढे फिरली, तेव्हा कित्येकांतून नुसता ‘टक्’ असा आवाज आला. जी वस्तू वापरलीच नाही, ती मेली कशी?

उत्तर १८५९ मध्ये आहे. गॅस्तों प्लांते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारा पहिला विद्युतघट बनवला. आजच्या बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या बॅटरीचे रसायन मुळात तेच आहे. वीज खर्च होताना पत्र्यांवर लेड सल्फेटचा बारीक थर बसतो आणि चार्जिंगमध्ये तो निघून जातो. मात्र बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर त्याच थराचे कठीण स्फटिक होतात व ते सहसा परतत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. उभ्या गाडीतील घड्याळ आणि अलार्म थोडीथोडी वीज खातात. बॅटरी स्वतःही हळूहळू उतरते.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. त्याआधी हँडल मारावे लागे, आणि ते उलटे फिरले की मनगट मोडे. स्टार्टर क्षणभरात शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. बॅटरीचे खरे कष्ट इथून सुरू झाले.

मुंबईत टॅक्सी १९११ मध्ये आली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट ११०० चे नाव पुढे १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झाले. या जुन्या फियाटमध्ये डायनॅमो असे. इंजिन मंद फिरत असताना तो फारच कमी वीज देतो. म्हणजे पावसाळी संध्याकाळी, दिवे आणि वायपर चालू ठेवून लालबागच्या कोंडीत अडकलेली टॅक्सी बॅटरी भरण्याऐवजी रिकामी करी. मग धक्का मारायला चार माणसे शोधा! १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि काही कामगारांनी टॅक्सीचे स्टिअरिंग धरले. रोजच्या भाड्याने गाडी घेणाऱ्यासाठी सुरू न झालेली सकाळ म्हणजे बुडालेली कमाई, आणि मालकाचे देणे तसेच.

पाश्चात्त्य लेखांत बॅटरीचा शत्रू म्हणून हिवाळा दाखवतात. माझ्या मते मुंबईकराने तिकडे दुर्लक्ष करावे. थंडी दुबळेपणा उघड करते. झीज मुख्यतः उष्णतेने होते. तापमान वाढले की आतले गंजणे वेगाने होते आणि पाणी उडते. म्हणून इथे तीन-चार वर्षांत बॅटरी बदलावी लागणे नवल नाही.

आयुष्य वाढवायचे, तर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवावी. पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवून बंद केल्याने स्टार्टरने घेतलेली वीजही नीट भरून निघत नाही. महिनाभर गाडी लागणार नसेल, तर ऋण टोकाची तार काढावी. दोन्ही काढायच्या असतील तर आधी ऋण, जोडताना मात्र ती शेवटी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पत्रे बुडतील इतके डिस्टिल्ड पाणीच घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार घातक, आणि वरून आम्ल ओतणे त्याहून वाईट. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर पुसून व्हॅसलीन लावावे. बॅटरीची पट्टी घट्ट असावी, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पत्र्यांवरचा लेप झडतो.

आणि जुनी बॅटरी भंगारात देऊ नये. गल्लीत फोडलेल्या बॅटरीचे शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते. ती विक्रेत्याने परत घ्यावी, असा नियम भारतात २००१ मध्ये आला.