अपडेटनंतर व्हर्च्युअल मशीनची स्क्रीन काळी झाली? मशीन डिलीट करण्याआधी हे वाचा

उद्या सकाळी सबमिशन. रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला, व्हर्च्युअलबॉक्समधलं उबुंटू सुरू केलं. लोगो आला, गोल फिरलं, आणि नंतर नुसती काळी स्क्रीन. ना लॉगिन, ना माउसचा बाण. काल तर सगळं नीट चालू होतं.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या कोणत्याही होस्टेलवर हा प्रसंग ओळखीचा आहे. त्यानंतर बरेच जण करतात तेही ठरलेलं असतं. मशीनवर राइट क्लिक, 'रिमूव्ह', 'डिलीट ऑल फाइल्स', आणि नव्याने इन्स्टॉल. तासाभरात नवं उबुंटू उभं राहतं, पण सेमिस्टरभर लिहिलेले प्रोग्रॅम कायमचे जातात.

खरं तर काळ्या स्क्रीनचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आतलं लिनक्स जिवंत आहे, फक्त त्याला चित्र दाखवता येत नाहीये. फाइल्स जागेवर असतात. हे असं का होतं आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करायचं, ते समजून घेऊ.

पुण्यात हा प्रश्न इतक्या जणांना का पडतो?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अखत्यारीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. इथल्या कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या अनेक प्रॅक्टिकल्ससाठी ६४-बिट ओपन सोर्स लिनक्स वापरावं, असं अभ्यासक्रमात सुचवलेलं असतं. विद्यार्थ्यांकडचे लॅपटॉप मात्र बहुतेक विंडोजचे. घरच्यांनी घेऊन दिलेल्या एकुलत्या एका लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकायची हिंमत फार थोडे करतात. मग मधला मार्ग निघतो, तो म्हणजे व्हर्च्युअल मशीन.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कम्प्युटर. विंडोज हा मूळ भाडेकरू आणि उबुंटू हा पोटभाडेकरू, असं समजा. यातल्या बाहेरच्याला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. यासाठी कॉलेजांमध्ये सर्रास दिसणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स. ते मूळचं इनोटेक या जर्मन कंपनीचं. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं, आणि २०१० मध्ये ओरॅकलने सनच विकत घेतल्यावर ओरॅकलकडे आलं.

कर्नल बदलला की स्क्रीन का जाते?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन या सगळ्यांशी बोलणं हे त्याचं काम. प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी कर्नलला ड्रायव्हर लागतो, आणि लिनक्समध्ये हे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून कर्नलला जोडले जातात.

व्हर्च्युअल मशीनला खरं ग्राफिक्स कार्ड नसतं. व्हर्च्युअलबॉक्स त्याला एक नकली कार्ड दाखवतं. त्या कार्डाशी नीट बोलता यावं, खिडकी मोठी केली की डेस्कटॉपही मोठा व्हावा, यासाठी 'गेस्ट ॲडिशन्स' नावाचं पॅकेज उबुंटूच्या आत टाकावं लागतं. त्यातली मॉड्यूल्स ज्या कर्नलसाठी तयार केली असतील, त्याच कर्नलवर चालतात.

लिनक्सच्या निर्मात्यांनी ॲप्सना एक शब्द दिलेला आहे. कर्नल बदलला तरी तुमचे प्रोग्रॅम मोडणार नाहीत. पण बाहेरून जोडलेल्या ड्रायव्हरना असा शब्द दिलेला नाही. कर्नलची आतली रचना ते हवी तेव्हा बदलतात, आणि साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो. थोडक्यात, कुलूप बदललं आणि किल्ली जुनीच राहिली.

पण मी तर काही अपडेट केलंच नव्हतं!

तुम्ही केलं नसेल, उबुंटूने केलं असेल. सुरक्षेचे अपडेट्स आपोआप टाकायची सोय उबुंटूमध्ये सुरुवातीपासूनच चालू असते, आणि त्यात कर्नलही येतो. नवा कर्नल टाकला गेला तरी तो पुढच्या रीस्टार्टलाच वापरात येतो. म्हणून काल चालणारं मशीन आज अचानक काळं दिसतं.

दुसरं म्हणजे, एकच उबुंटू वापरत असलात तरी कर्नल तोच राहत नाही. उबुंटू २२.०४ आलं तेव्हा त्याचा मूळ कर्नल ५.१५ होता. पुढे त्याच्या डेस्कटॉप आवृत्तीला टप्प्याटप्प्याने ६.२, ६.५ आणि ६.८ हे कर्नल मिळत गेले. २४.०४ ची सुरुवात ६.८ ने झाली, आणि २०२५ मध्ये त्याला ६.११ आणि मग ६.१४ मिळाला. इन्स्टॉल केल्या दिवसापासून होस्टवरचं व्हर्च्युअलबॉक्स अपडेटच केलं नसेल, तर अशा एखाद्या उडीला त्याची गेस्ट ॲडिशन्स मागे पडतात.

आता करायचं काय?

खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

१. आधी फाइल्स वाचवा. 'रिमूव्ह'ला हात लावू नका. मशीन बंद करा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याचा स्नॅपशॉट घ्या. मशीन बिघडलेलं असलं तरी घ्या. पुढे काही आणखी चुकलं तर निदान इथवर परत येता येईल.

सबमिशन सकाळीच असेल, तर दुरुस्ती नंतर करा आणि आधी काम बाहेर काढा. उबुंटूची आयएसओ फाइल याच मशीनच्या ऑप्टिकल ड्राइव्हला जोडा, मशीन त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा. इथे चुकून 'इन्स्टॉल' निवडू नका. फाइल मॅनेजरमध्ये तुमची मूळ डिस्क दिसेल. ती उघडा, 'होम' फोल्डरमधलं काम उचला आणि ईमेलने किंवा ड्राइव्हवर पाठवा. ही आयएसओ स्वतःचा कर्नल घेऊन येते, त्यामुळे आतला बिघाड तिला आडवा येत नाही.

२. मशीन मेलंय की फक्त आंधळं झालंय, ते बघा. मशीन नेहमीसारखं सुरू करा आणि काळी स्क्रीन आली की एक-दोन मिनिटं थांबा. मग होस्ट की दाबून एफ ३ दाबा. विंडोजवर होस्ट की म्हणजे सहसा उजवीकडचं कंट्रोल. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारलं गेलं, तर आतली सिस्टिम ठणठणीत आहे आणि बिघाड फक्त ग्राफिक्सचा आहे. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, ते नेहमीचंच आहे.

३. जुना कर्नल वापरून बघा. उबुंटू नवा कर्नल टाकताना आधीचा काढून टाकत नाही. मशीन रीस्टार्ट करा आणि सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. मशीनच्या सेटिंगमध्ये ईएफआय चालू असेल तर त्याऐवजी एस्केप एकदा दाबा. ग्रबचा मेन्यू येईल. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि वरच्यापेक्षा कमी आकड्याचा कर्नल निवडा. 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ नको, साधी घ्या.

डेस्कटॉप उघडला, तर निदान पक्कं झालं. नव्या कर्नलला ड्रायव्हर जुळलेला नाही. सबमिशनपुरतं जुन्याच कर्नलवर काम उरकलं तरी चालेल. जुन्या कर्नलवरही स्क्रीन काळीच राहिली, तर पुढच्या दोन पायऱ्या जास्त महत्त्वाच्या.

४. डिस्क भरलीय का? या कारणाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मशीन बनवताना अनेक जण दहा-पंधरा जीबीच डिस्क देतात. ती शंभर टक्के भरली, की नवा कर्नल अर्धवट बसतो आणि लॉगिनची स्क्रीनही उघडत नाही. अक्षरांच्या लॉगिनमध्ये 'डीएफ -एच' ही कमांड द्या. मुख्य डिस्कसमोर ९८-१०० टक्के दिसलं, तर आधी 'सुडो एपीटी क्लीन' आणि मग 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' चालवा. दुसऱ्या कमांडने अगदी जुने कर्नल जातात, सध्याचा आणि त्याच्या आधीचा मात्र राहतो. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पुरं करायला 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या.

५. बाहेरची सेटिंग्ज तपासा. मशीन पूर्ण बंद करून व्हर्च्युअलबॉक्सच्या 'डिस्प्ले' सेटिंगमध्ये जा. ग्राफिक्स कंट्रोलर 'व्हीएमएसव्हीजीए' असायला हवा. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ६.० आवृत्तीपासून नव्या लिनक्स मशीनला हाच दिला जातो, पण सीनियरकडून कॉपी करून घेतलेल्या जुन्या मशीनमध्ये दुसरा असू शकतो. व्हिडिओ मेमरी १६ एमबीवर असेल तर १२८ वर न्या. 'थ्रीडी ॲक्सिलरेशन'ची खूण काढून बघा. काही वेळा एवढ्यानेच डेस्कटॉप परत येतो.

६. ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करा. ही खरी दुरुस्ती. आधी होस्टवरचं व्हर्च्युअलबॉक्स नव्या आवृत्तीवर आणा. जुन्या व्हर्च्युअलबॉक्सची गेस्ट ॲडिशन्स नव्या कर्नलवर तयारच होत नाहीत, आणि मग आत कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो.

मग उबुंटूत नव्या कर्नलवर अक्षरांच्या लॉगिनने शिरा. 'यूनेम -आर' दिल्यावर चालू कर्नलचा आकडा दिसेल. त्याच आकड्याचं 'लिनक्स-हेडर्स' पॅकेज आणि 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज एपीटीने इन्स्टॉल करा. हेडर्स म्हणजे त्या कर्नलच्या कुलपाचं माप. ते नसेल तर किल्ली घडवता येत नाही, आणि पुष्कळदा घोडं इथेच अडलेलं असतं.

गेस्ट ॲडिशन्स व्हर्च्युअलबॉक्सच्या मेन्यूतल्या सीडीवरून टाकली असतील, तर तीच सीडी पुन्हा जोडून, माउंट करून तिच्यातला लिनक्सचा इन्स्टॉलर चालवा, म्हणजे नवी आवृत्ती बसेल. आवृत्ती आधीच नवी असेल तर 'सुडो आरसीव्हीबॉक्सॲड सेटअप' एवढं पुरतं. एपीटीने टाकली असतील, तर 'व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११' हे पॅकेज रीइन्स्टॉल करा. दोन्ही मार्ग एकाच मशीनवर एकत्र करू नका. एकाच्या फाइल्स दुसऱ्याला छेद देतात.

तरीही अडलं, तर 'व्हार' फोल्डरमधल्या 'लॉग' फोल्डरमध्ये 'व्हीबॉक्सॲड-सेटअप.लॉग' ही फाइल उघडा. कुठे थांबलं ते तिच्या शेवटच्या काही ओळींत लिहिलेलं असतं. कुणाकडे मदत मागताना 'चालत नाहीये' एवढंच सांगण्यापेक्षा त्या ओळी पाठवा. उत्तर लवकर मिळतं. मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. लॅबच्या मशीनसाठी ते बंद ठेवलेलं बरं.

७. शेवटचे दोन उपाय. ग्रबच्या मेन्यूत नव्या कर्नलच्या ओळीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडा आणि एफ १० दाबा. त्यामुळे कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या, कमी दर्जाच्या चित्रावर येतो. हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

लॉगिनची स्क्रीन येते पण पासवर्डनंतर काळं होतं, अशी तक्रार असेल तर कारण वेलँड असू शकतं. वेलँड म्हणजे स्क्रीनवर खिडक्या मांडणारी नवी पद्धत. २२.०४ आणि २४.०४ मध्ये लॉगिनच्या वेळी खाली कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह असतं. त्यातून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडा, म्हणजे जुन्या पद्धतीने डेस्कटॉप उघडेल.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

मोठ्या अपडेटआधी स्नॅपशॉट घ्यायची सवय लावा. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर असतो, आणि मशीनच्या सगळ्या फाइल्स डिलीट केल्या की तोही जातो. त्यामुळे प्रोग्रॅम गिटवर किंवा होस्टशी जोडलेल्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा.

अपडेट करताना आधी व्हर्च्युअलबॉक्स, मग उबुंटू, हा क्रम पाळा. परीक्षेच्या काळात 'एपीटी-मार्क होल्ड'ने कर्नलची पॅकेजेस थांबवून ठेवता येतात. परीक्षा संपली की 'अनहोल्ड' मात्र आठवणीने करा, कारण याच अपडेट्समधून सुरक्षेची भोकं बुजवली जातात.

टर्मिनलचीच भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आणि मोफत मिळतात. दोन-चार धडे ऐकले, की पांढऱ्या अक्षरांचं ते लॉगिन परकं वाटत नाही.

आणि रात्री साडेअकराला हा लेख शोधत इथे आला असाल, तर आत्ता फक्त पहिली पायरी करा. फाइल्स बाहेर काढा, सबमिशन द्या. स्क्रीन उद्या दुपारी दुरुस्त केली तरी चालते.