एन्क्रिप्टेड शेअर्ड प्रेफरन्सेस म्हणजे काय?

समजा, नांदूरघाटच्या एखाद्या किराणा दुकानदाराने उधारीची वही मोबाईलवर आणली. वहीत गिऱ्हाईकाचं नाव आणि पुढे बाकी, तसंच ॲपमध्ये ‘की’ आणि तिची ‘व्हॅल्यू’. अँड्रॉइडचं शेअर्ड प्रेफरन्सेस अशा जोड्या साठवतं, पण साध्या एक्सएमएल फाइलमध्ये. ती कुणाच्या हाती लागली की अख्ख्या गावाची उधारी उघडी!

म्हणून गूगलची जेटपॅक सिक्युरिटी ही छोटी लायब्ररी. तिची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. ती नाव आणि बाकी दोन्ही एन्क्रिप्ट करते, पण वेगवेगळ्या पद्धतीने. नावासाठी एईएस-२५६ एसआयव्ही, म्हणजे तेच नाव दर वेळी त्याच सांकेतिक रूपात येतं. नाहीतर नोंद सापडणार कशी? बाकीसाठी एईएस-२५६ जीसीएम, म्हणजे रक्कम तीच असली तरी दर वेळी वेगळी दिसते. रक्कम, तारीख, माल एकत्र ठेवायचं तर आधी त्याची जेसन स्ट्रिंग करावी लागते.

खरी गोम पुढे आहे. मास्टर की फोनच्या कीस्टोअरमध्ये राहते, बॅकअपमध्ये जात नाही. फोन फुटला आणि नव्या फोनवर फाइल परत आली, तरी ती उघडत नाही. वहीच गेली म्हणा ना! त्यामुळे ॲप बनवताना ही फाइल ऑटो बॅकअपमधून वगळा आणि नोंदींची पासवर्ड लावलेली वेगळी प्रत काढायची सोय ठेवा.

२०२५ मध्ये गूगलने ही लायब्ररी डेप्रिकेट केली. जुनी ॲप्स चालतात. नवीन करताय तर डेटास्टोअरला टिंकची जोड द्या. आतलं एन्क्रिप्शन आधीही टिंकच करत होतं.