धाराशिव जिल्हा : जुने वाडे व घरजागेचे मोल

परंडा व नळदुर्ग येथील किल्ले, धाराशिवची लेणी आणि तेर येथील प्राचीन विटांची मंदिरे यांमुळे मराठवाड्यातील धाराशिव जिल्हा इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. या स्मारकांच्या आश्रयाने वाढलेल्या गावांतील राहत्या वाड्यांकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. त्यांचे मोल दोन प्रकारचे असते : एक बांधणीचे, दुसरे जागेचे. पूर्वी एकत्र नांदणाऱ्या या दोहोंची आज फारकत झाली आहे.

बांधणी : जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब व तुळया, मधला चौक आणि वर मातीचे माळवद, अशी येथील वाड्याची सर्वसाधारण रचना असे. घराचा आकार खणांत मोजला जाई. माळवदासाठी पांढरी माती लागे आणि ती बहुधा जुन्या वस्तीच्या टेकाडातून, म्हणजे ‘पांढरी’तून, आणीत. तेर हे प्राचीन तगर होय. त्याचा उल्लेख इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लसमध्ये आढळतो. अशा स्थळी जुन्या टेकाडाची माती काढणे म्हणजे एका काळचे घर मोडून दुसऱ्या काळचे घर शाकारणेच होय.

जागेचे मोल : ते सत्तेच्या, देवस्थानाच्या वा बाजाराच्या सान्निध्यावर ठरे. निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांकडे सोपविलेला हा प्रदेश १८६० मध्ये त्यास परत मिळाला. जिल्ह्याचे मुख्य ठाणे तेव्हा नळदुर्ग येथे होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते धाराशिवला गेले आणि नळदुर्गच्या घरांचे महत्त्व ओसरले. तुळजापुरात मात्र भवानीमंदिराजवळील पुजाऱ्यांच्या घरी यात्रेकरू उतरत. त्यामुळे तेथे घर हे निवासाबरोबरच उपजीविकेचेही साधन ठरले.

भूकंपानंतर : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सु. ८,००० ते १०,००० माणसे दगावली. या जिल्ह्यातील तत्कालीन उमरगा तालुक्यास त्याची मोठी झळ बसली. मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे प्राणघातक ठरली. लाकडी सांगाडा भक्कम असलेल्या काही घरांत भिंती ढासळूनही छत तगून राहिले. तथापि हा भेद लोकमानसात टिकला नाही. दगडी घर म्हणजे धोका, हे समीकरण रूढ झाले व सिमेंट-काँक्रीटच्या घरांकडे ओढा वाढला.

सद्यःस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ असून तीत नागरी लोकसंख्या सु. १७ टक्के होती. वाढ सर्वत्र सारखी नसून ती मुख्यतः रस्त्यांच्या कडेने होते. मूळची अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वे रुंदमापी करताना तिचा मार्ग धाराशिव शहराकडून नेण्यात आला. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव महामार्गाच्या चौपदरीकरणाचे लोकार्पण जानेवारी २०१९ मध्ये झाले. अशा सोयींनी जागेची किंमत चढते, वाड्याची नव्हे. मुद्रांक शुल्कासाठी वापरल्या जाणाऱ्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांत बांधकामाचे वय घसारा म्हणून वजा होते. प्राचीनत्वाची भर घालणारा रकाना त्यांत नाही. अनेक वारसांत विभागलेला वाडा दुरुस्त करण्यापेक्षा मोकळी जागा वाटून घेणे सोपे पडते. परिणामी कोरीव चौकटी व खांब सुटे होऊन जुन्या लाकडाच्या भावाने विकले जातात.

महाराष्ट्राच्या १९६० च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमाने संरक्षित म्हणून घोषित झालेल्या वास्तूंना आधार मिळतो. राहता वाडा सहसा त्या कक्षेत येत नाही. अशा वाड्यांची गावनिहाय नोंद, मोजणी व नकाशे तयार करणे आणि भिंतींना भूकंपरोधक बळकटी देण्याची माहिती मालकांपर्यंत पोहोचविणे, हे अल्प खर्चाचे उपाय होत. मालकाच्या गरजेचा विचार न करता केलेले संरक्षण टिकत नाही; परंतु नोंदही न होता वाडा पडला, तर किल्ल्याच्या तटाबाहेर माणसे कशी राहत होती, हे सांगणारा पुरावाच उरत नाही.